बिनबुडाचे बारा गडवे

भंडाऱ्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "साहेब, तुमचं रॉकेट इथून कधी उडते?" पहिल्या वर्षी मी नीट समजावून सांगत असे. दुसऱ्या वर्षी चिडू लागलो. तिसऱ्या वर्षापासून "पुढच्या महिन्यात" म्हणून मोकळा होऊ लागलो, तर बसस्टँडजवळच्या चहावाल्याने खरोखरच पुढच्या महिन्यात गाठून तारीख विचारली. त्याला त्या दिवशी हॉटेल बंद ठेवून पोराबाळांना घेऊन यायचं होतं. मी हात टेकले.

तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो. आमच्या कारखान्यातून रॉकेट कधीच उडालं नाही. आम्ही रॉकेटचा एक तुकडा बनवत होतो, तोही सगळ्यात मागचा. दिवाळीतलं रॉकेट आठवा. वात पेटली की खालच्या भोकातून जाळ निघतो आणि कांडी वर जाते. खऱ्या रॉकेटातही तेच, फक्त ते भोक नुसतं भोक नसतं. आत येताना रुंद, मध्ये अरुंद गळा, मग पुन्हा पसरत जाणारं तोंड, असा त्याचा घाट असतो. जाळ त्या गळ्यातून जातो तेव्हा त्याला वेग येतो. हा घाट पोलादी पत्र्याचा, आणि पत्रा वितळू नये म्हणून आतून एक जाड अस्तर चिकटवलेलं. अस्तर आणि पत्रा यांची पकड सुटली, तर जाळ थेट पत्र्याला भिडतो आणि सगळा खेळ खलास. वाऱ्याचा अभ्यास करायला वर पाठवतात, त्या छोट्या रॉकेटांसाठी आम्ही हा पत्र्याचा घाट करत होतो. रॉकेट काही मिनिटांत समुद्रात पडतं. म्हणजे आमचा माल एकदा गेला की परत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हे ऐकून माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "मंग चांगला बनवाचा कायले?"

वडील सिहोऱ्याचे धानाचे शेतकरी. मुलगा नागपुरात इंजिनिअर झाला, दक्षिणेत सरकारच्या अग्निबाण केंद्रात लागला, याचा त्यांना एवढा अभिमान की बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगायचे. सत्तरच्या दशकातली सगळी वर्षं मी तिथे काढली. हा घाट तेव्हा एका भल्या मोठ्या कारखान्याकडून घडवून आणला जाई. अर्धा माल गळ्याशी पातळ होऊन बाद होत असे. एका बैठकीत मी बोलून गेलो की माझ्या जिल्ह्यातले गडवे, म्हणजे पितळी तांबे, करणारे कारागीर यापेक्षा बरं काम करतील. सगळे हसले. माझे वरिष्ठ म्हणाले, मग जा आणि करून आणा. ते थट्टेने म्हणाले होते. मी राजीनामा दिला आणि भंडाऱ्यात येऊन कारखाना टाकला. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला अक्कल लागत नाही, नुसता राग पुरतो.

बोललो ते खोटं मात्र नव्हतं. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांना जुना लौकिक आहे. पत्र्याची गोल चकती खरादावर, म्हणजे फिरत्या यंत्रावर, लाकडी साच्यासमोर लावायची, लांब दांड्याचं हत्यार बगलेत धरायचं आणि पत्रा फिरता असतानाच दाबत दाबत साच्यावर बसवायचा. दाब कमी पडला तर सुरकुती पडते, जास्त झाला तर पत्रा फाटतो. हे बगलेला कळतं, पुस्तकाला कळत नाही. त्या सुमारास घरोघर स्टील शिरलं होतं आणि पितळेचे कारागीर हातावर हात ठेवून बसले होते. त्यांच्यातले सुकाजी सगळ्यात जाणते. वय पन्नाशीच्या पुढे, अक्षरओळख नाही. मी नकाशा पसरला तेव्हा त्यांनी तो उलटाच धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा तं बिनबुडाचा गडवा झाला. पाणी कशात ठेवाचं?" जाळ वाहून न्यायचा आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

पोलाद पितळेसारखं ऐकत नाही. चार महिने सुकाजींनी त्याच्याशी झुंज घेतली. हत्याराची टोकं बदलली, साचे बदलले, बगलेत घट्टा पडला, आणि एक दिवस माझ्यासमोर असा घाट ठेवला की गळ्याची जाडी सगळीकडे सारखी. मी मापं घेत राहिलो आणि ते विडी ओढत राहिले. मला मिठी मारावीशी वाटली होती. मारली नाही, साहेब होतो ना.

पण घडवणं हे कामाचं सोपं अंग. खरा वैताग बाकीच्याचा. विजेची लाईन भर कामात जायची आणि अर्धवट दाबलेला पत्रा वाया जायचा. केंद्राला ट्रंक कॉल लावावा तर सकाळी नोंदवलेला संध्याकाळी लागायचा, आणि पलीकडचा माणूस म्हणायचा, साहेब जेवायला गेलेत. एका घाटामागे बारा पानांचे फॉर्म. नाकाडोंगरीकडच्या खाणीत जाणारे एक ठेकेदार आठवड्यातून दोनदा यायचे, आमच्याकडे बारूद आहे असं गृहीत धरून. नाही म्हटलं की डोळा मारायचे. गावाकडचे नातेवाईक लग्नाच्या आहेराला घागर करून मागायचे. या सगळ्यात सुकाजी आणि मी रोज एका गोष्टीवरून भांडत होतो, आणि ती गोष्ट म्हणजे चकाकी.

अस्तर पत्र्याला चिकटायचं तर पत्रा आतून खरखरीत हवा. म्हणून घाट तयार झाला की त्याला आधी नागपूरला पाठवून तापवून कडक करून आणायचं, मग त्यावर जोराच्या हवेने वाळूचा मारा करायचा. त्याने पत्रा मळकट, राखेच्या रंगाचा होतो. त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या घामानेही पकड कमी होते. थेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद. सुकाजींना हे पाहवत नसे. त्यांच्या घराण्यात भांडं चेहरा दिसेपर्यंत घासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती जात नव्हतं. ते म्हणायचे, "बिसेनसाहेब, असा माल बापजन्मी नाही देला." मी म्हणायचो, शास्त्रात असंच आहे. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणायचे. खरखरीत का हवं हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. अस्तर नावाची वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिलीच नव्हती. एक तुकडा मागवून दाखवायला दहा मिनिटं लागली असती. मला ती मिळाली नाहीत, आणि बाहेरच्यांना रॉकेट समजावून सांगण्यात मात्र मी तासन् तास घालवत होतो.

पहिल्या बारा घाटांची तपासणी ठरली. ते मंजूर झाले तर कारखान्याचं नाव केंद्राच्या कायम यादीत, नाही तर कायमचं बाहेर. दुसरी संधी नव्हती. ज्यांनी मला हसण्यावारी नेलं होतं, त्यांच्यातलेच एक गृहस्थ तपासनीस म्हणून येणार होते. मी शनिवारी त्यांना आणायला आणि उरलेले कागद टाईप करून घ्यायला नागपूरला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी एक काम घाईत उरकलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

सोमवारी दुपारी आमची जीप फाटकातून आत शिरली. समोर अंगणात पांढरी चादर अंथरली होती आणि तिच्यावर आमचे घाट मांडून ठेवले होते. आरशासारखे. ऊन त्यांच्यावर पडून माझ्या डोळ्यांत घुसत होतं. सुकाजी धुतलेलं धोतर नेसून हात जोडून उभे होते. त्यांच्यामागे बाकीचे पाच-सहा कारागीर, सगळ्यांचे हात काळे. रविवारी सुट्टी असून त्यांनी कुलूप उघडायला लावून, पिशव्या फाडून, आधी रेजमालाच्या खरखरीत कागदाने आणि मग कापडी चाकावर, आतून-बाहेरून सगळा माल चकाकवला होता. पाहुणा एवढ्या दुरून येतोय आणि साहेब त्याला मळकं भांडं दाखवणार, याची त्यांना माझ्या वतीने लाज वाटली होती.

तपासनीसांनी एक घाट उचलला, त्यात स्वतःचा चेहरा पाहिला, टायची गाठ सारखी केली आणि घाट परत ठेवला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि त्याच्या जागी जे आलं ते मी अजून विसरलेलो नाही. सगळ्यांच्या देखत, पाहुण्यासमोर, मी सुकाजींवर ओरडलो. लग्नाचा आहेर मांडलाय का म्हणालो. माझी केंद्रातली दहा वर्षांची नोकरी, माझं नाव, सगळं धुतलंत म्हणालो. आणि शेवटी म्हणालो, "तुम्ही भांडेवाले ते भांडेवालेच राहणार." सुकाजींनी जोडलेले हात खाली घेतले, चपला घातल्या आणि फाटकातून चालत निघून गेले.

तपासनीस थंडपणे म्हणाले की असा माल ते बघूच शकत नाहीत. पुन्हा वाळू मारून जाडी मर्यादेत राहिली तर दोन दिवसांत बघतील, तोपर्यंत विश्रामगृहावर थांबतील. हेही त्यांनी मेहरबानी म्हणून केलं. ते गेल्यावर मी चादरीवरचा माल गोळा करू लागलो. घाट नऊच भरले. मला वाटलं, आता चोरी तेवढी राहिली होती.

आमच्यातल्या एका कारागिराने घाबरत कोपरा दाखवला. तीन घाट भिंतीशी उपडे घातलेले होते. "ते सुकाजीनं अलग काढले जी. वाजत नाही म्हणे." तडकलेलं भांडं विकायचं नाही आणि चुकूनही कोणाच्या हाती लागू नये म्हणून उपडं ठेवायचं, ही त्यांची रीत. मी एक घाट बोटावर तोलून नखाने टिचकी मारली. नवातला कोणताही घाट घंटेसारखा वाजत होता. हा बद्द वाजला. आमच्याकडे भेग शोधायचं लाल औषध होतं, ते गळ्याशी लावून पुसलं. घासून लख्ख केलेल्या पत्र्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. तिन्हींना तीच. नागपूरला तापवून थंड करताना ते तडकले होते, आणि वर वाळूचा मारा बसल्यावर भेग बुजून दिसेनाशी झाली होती.

आता ते घाईत उरकलेलं काम. तापवून आणल्यानंतर आणि वाळू मारण्याआधी प्रत्येक घाटाला ते लाल औषध लावून बघायचं, असा नियम होता. मीच केंद्रात असताना तो लिहिला होता. शनिवारची गाडी गाठायची म्हणून शुक्रवारी मी बारापैकी तीन तपासले, तिन्ही चांगले निघाले, आणि बाराच्या बारा दाखल्यांवर सही करून माल वाळूला पाठवला. सुकाजींनी पिशव्या फाडल्या नसत्या तर ते तीन घाट माझ्या सहीने गेले असते. त्यातलं एखादं रॉकेट तळावरच, माणसांच्या डोक्यावर फुटलं असतं. मी त्या कोपऱ्यात जमिनीवर बसलो. सगळी वर्षं ज्या फॉर्मांना शिव्या घातल्या, त्यातल्या एकालाच अर्थ होता, आणि तोच मी खोटा भरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकाजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून एका शेजारणीच्या गळक्या घागरीला डाग लावत होते. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हाताने थांबवलं. "मले काही वाटलं नाही जी. भांडेवाला तं आहोच मी." मग डाग लावता लावता विचारलं, "तडकलेले तीन होते. दिसले का तुमाले?" मी हो म्हणालो. मग पहिल्यांदा मी त्यांना अस्तर म्हणजे काय, खरखरीत का लागतं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "हे आधी सांगतलं असतं तं मी काहून घासलो असतो?" एवढंच म्हणाले, घागर बाजूला ठेवली आणि माझ्याबरोबर कामावर आले.

नऊ घाटांना पुन्हा वाळू मारली, जाडी कशीबशी मर्यादेत बसली. तीन नवे करून द्यायचे ठरले. तडकलेल्या तिन्हींबद्दल मी तपासनीसांना सांगितलं. सगळं नाही सांगितलं. अधिक तपासणीत तीन घाट सदोष आढळले आणि आम्ही होऊन ते बाजूला काढले, एवढंच सांगितलं. त्या कोरड्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा बदलला. कोणताही पुरवठादार स्वतःहून असं सांगत नाही, म्हणाले. त्यांनी सदोष मालाचा फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, दोष शोधणाऱ्याचं नाव आणि शैक्षणिक पात्रता.

मी सुकाजींचं नाव सांगितलं, हे खरं. पात्रता विचारल्यावर काही नाही म्हणालो. ते म्हणाले, मग हे नाव वर चालणार नाही, पात्रता असलेल्या कोणाचं तरी द्या. आणि मी, ज्याने बारा पानांच्या प्रत्येक ओळीवर केंद्राशी भांडणं केली होती, शाईच्या रंगावरून तीन पत्रं लिहिली होती, त्याने त्या रकान्यात मुकाट्याने स्वतःचं नाव लिहिलं. पात्रताही लिहिली.

आमचं नाव यादीत लागलं. त्यानंतर आमच्याकडे रीतच पडली की तापवून आणलेला प्रत्येक घाट आधी सुकाजींनी चकाकवायचा, वाजवायचा, मग त्याला लाल औषध आणि मग वाळू. केंद्रात कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. आमचा तडकलेला माल कधीच बाहेर गेला नाही. काही महिन्यांनी केंद्राकडून इंग्रजीत एक पत्र आलं. दोष वेळीच शोधण्यात श्री. बिसेन यांनी दाखवलेल्या असामान्य दक्षतेची प्रशंसा वगैरे. आमच्या कारकुनाने उत्साहाने ते काचेत मढवून माझ्या खुर्चीमागे लावलं. काढून टाक म्हणणं मला जमलं नाही. येणारे-जाणारे वाचून मान डोलवायचे.

एक दिवस सुकाजी मापाचा कागद घेऊन आत आले आणि त्या काचेकडे पाहत उभे राहिले. "काय लिहून आहे जी त्यात?" मी म्हणालो, त्या तीन तडकलेल्या घाटांबद्दल केंद्राने शाबासकी दिली आहे. ते हसले. "मंग माहं नाव असन त्यात."

मी हो म्हणालो.

त्यांनी ते घरी सांगितलं, दारी सांगितलं, सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं. मला हे कोणाकोणाकडून कळायचं आणि दर वेळी मी विषय बदलायचो. आज खरं सांगू, उद्या सांगू, करता करता ऐंशीचं दशक सरत आलं आणि एका उन्हाळ्यात सुकाजी गेले. दोन दिवस तापाने पडले आणि गेले. कारखाना बंद ठेवला, पोचवायला आम्ही सगळे गेलो.

तेरवी झाल्यावर त्यांची मुलगी अनसूया लाखांदूरहून एसटीने माझ्याकडे आली. तिथे तिच्या सासरची धानाची शेती. दहावीपर्यंत शिकलेली, मराठी चांगलं वाचणारी. ऑफिसात आली आणि उभ्यानेच म्हणाली, "बाबाचं नाव आहे म्हणत होते त्या कागदात. वाचून दाखवता का काका?"

मी ते पत्र भिंतीवरून उतरवलं, टेबलावर ठेवलं आणि मराठीतून वाचून दाखवलं. प्रत्येक ओळ वाचली. जिथे माझं नाव होतं तिथे श्री. सुकाजी म्हणालो. तीन ठिकाणी होतं, तिन्ही ठिकाणी म्हणालो. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं की घरी लावायला याची एखादी प्रत मिळेल का. मी ती चौकटच पिशवीत घालून तिच्या हातात दिली आणि तिला बसमध्ये बसवून आलो.

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. बस सुटायला अर्धा तास होता, आम्ही बाकावर शेजारी बसून होतो. मी तिला पिकापाण्याचं विचारत राहिलो.

ते पत्र लाखांदूरकडे तिच्या घरात, बाबांच्या फोटोशेजारी लावलेलं आहे. मध्ये एकदा तिची चिठ्ठी आली होती. धाकटी मुलगी कॉलेजात जाते, असं लिहिलं होतं. त्या मुलीला एव्हाना इंग्रजी वाचता येत असेल. हे ज्या दिवाळी अंकात छापून येईल, तो मी अनसूयाच्या पत्त्यावर पाठवणार आहे.